तुमच्या आजोबांचा पक्ष कुठे गेला?

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी बाजूला. आजोबा शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे होते, वडील काँग्रेसचे आणि नंतर राष्ट्रवादीचे, थोरला चुलतभाऊ आज भाजपचा बूथप्रमुख. ग्रामीण महाराष्ट्र म्हणजे काँग्रेस, असं लहानपणी ऐकलेलं. मग हे बदललं कधी? लोकांचे विचार बदलले, की नुसते पुढारी इकडून तिकडे गेले?"

उत्तराआधी माझी एक फजिती सांगतो. १९९५च्या विधानसभेला मी मतदारसंघांच्या पाहणीचं काम नुकतंच सुरू केलं होतं. वही, पेन आणि एसटी. विचारायचो एकच, "या वेळी कोणता पक्ष?" साखरपट्ट्यातल्या एका तालुक्यात दहातली सात माणसं "काँग्रेस" म्हणाली. मी तसं लिहून दिलं. निकालात काँग्रेसचा अधिकृत उमेदवार पडला, अपक्ष आला. तोंड लपवत पुन्हा त्याच गावात गेलो. पारावरचे एक आजोबा तंबाखू मळत म्हणाले, "आम्ही काँग्रेसलाच दिलं की. पंजा दुसऱ्याकडं गेला, त्याला आम्ही काय करणार?"

तेव्हापासून मी पक्ष शेवटी विचारतो. आधी विचारतो, "पीककर्जाची सोसायटी कुणाच्या ताब्यात आहे? ऊस कुठं जातो? दवाखान्यात माणूस ॲडमिट करायचा तर फोन कुणाला लावता?" या तीन उत्तरांतून घर कुठल्या गटात आहे ते कळतं. तो गट सध्या कुठल्या पक्षात आहे, हे मग चहा पिता पिताही कळतं.

त्या वर्षी काँग्रेसला ८० जागा मिळाल्या, शिवसेनेला ७३, भाजपला ६५, आणि अपक्ष निवडून आले तब्बल ४५. त्यातले बरेच तिकीट नाकारलेले काँग्रेसवालेच होते. पुस्तकांत याची नोंद 'काँग्रेसची सत्ता गेली' अशी होते. गावात बसून पाहिलं तर काँग्रेसची दोन पॅनेलं झाली होती आणि एका पॅनेलने मुंबईत जाऊन शिवसेना-भाजप युतीला पाठिंबा दिला होता. त्या पाठिंब्याची किंमतही वसूल झाली. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं. बच्छावत लवादाने राज्याराज्यांत वाटून दिलेलं कृष्णेचं पाणी २००० पर्यंत अडवायचं हे कारण होतंच, पण सरकार तगवणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या अपक्षांना तालुक्यात दाखवायला काहीतरी हवं होतं, हेही तितकंच खरं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची नावं तुम्हाला मी सांगायला नकोत. तुमच्या भागातल्या दुष्काळी माणसाला पहिल्यांदा असं दिसलं की काँग्रेसच्या चौकटीबाहेरूनही पाणी येऊ शकतं. ते प्रत्यक्ष शिवारात यायला पुढं कैक वर्षं लागली, तो भाग वेगळा.

आता आजोबांकडे जाऊ. शेतकरी कामगार पक्ष निघाला तो काँग्रेसमधूनच. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी स्वातंत्र्याच्या सुमारास बाहेर पडली, कारण त्यांना काँग्रेस शेटजी-भटजींची वाटत होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकरी, बहुजन माणसाचा राग त्यांच्या मागे होता. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत या भागात काँग्रेसचं पानिपत झालं. खुद्द यशवंतराव चव्हाण कऱ्हाडातून कसेबसे निसटले. आणि पाचच वर्षांनी, १९६२ मध्ये, काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. पाच वर्षांत माणसांची मतं एवढी फिरली का? मला तसं वाटत नाही. मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्र झाला, म्हणजे भांडणाचा मुद्दाच मिटला. जेधे, मोरे तर त्याआधीच काँग्रेसमध्ये परतले होते. यशवंतरावांनी बेरजेचं राजकारण म्हणून विरोधकांचे गटच्या गट आत घेतले. तुमचे आजोबा ज्या विचारासाठी शेकापमध्ये होते, तो विचार काँग्रेसच्या घरात राहायला आला आणि पाठोपाठ त्यांची पुढची पिढीही आली.

आत आलेल्यांना बसायला जागा हवी होती. ती तयार केली सहकाराने आणि जिल्हा परिषदांनी. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या साथीने उभा केला होता. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. १९६० मध्ये सहकारी संस्थांचा कायदा झाला, १९६१ मध्ये जिल्हा परिषदांचा, आणि १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. एका तालुक्यात किती खुर्च्या झाल्या बघा: सभापती, कारखान्याचे संचालक, बाजार समिती, खरेदी-विक्री संघ, दूध संघ, जिल्हा बँक, शिक्षण संस्था. एकाला आमदारकी नाही मिळाली तर दुसरीकडे मिळायचं. रुसलेला माणूस पक्ष सोडून जाईपर्यंत त्याची सोय झालेली असायची.

शेतकऱ्याच्या बाजूने ही साखळी अशी होती. पीककर्ज गावच्या विकास सोसायटीचं. सोसायटीला पैसा जिल्हा बँकेचा. ऊस घालायचा कारखान्याला, आणि कारखाना बिल देताना सोसायटीची बाकी आधी कापून घेणार. तिन्ही ठिकाणी एकाच गटाची माणसं. त्यात तोडणीची पाळी. ज्याने आडसाली ऊस लावला, त्याचा पैसा दीड वर्ष शिवारात उभा असतो. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, रान रिकामं होत नाही म्हणून पुढचं पीकही चुकतं. अशा माणसाने चेअरमनच्या विरोधात पॅनेल टाकायचं म्हणजे किती छाती लागते, ते शहरात बसून 'मतदार निष्ठावान होता' असं लिहिणाऱ्यांना कळत नाही. निष्ठा होती, नाही असं नाही. त्या माणसांनी माळावर कारखाने उभे केले, मुलींसाठी वसतिगृहं काढली. लोक त्यांना मनापासून मानत. पण मानणं आणि अडकणं यांचा पीळ इतका घट्ट बसला होता, की कोणता धागा कुठला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. १९७२ मध्ये २७० पैकी २२२ जागा आल्या, त्या या पिळावर.

सांगोला बघा, म्हणजे उलट बाजूनेही हेच दिसेल. शेकाप सगळीकडे आटला, पण तिथे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. त्यांची साधी राहणी, एसटीचा प्रवास हे सगळेच सांगतात. मला त्यांची शेतकरी सहकारी सूतगिरणी जास्त महत्त्वाची वाटते. गटाला स्वतःची संस्था होती, म्हणून पक्षाची पाटी टिकली. २०१९ मध्ये ती जागा अगदी थोडक्यात गेली आणि २०२४ मध्ये त्यांच्या नातवाने परत आणली. तुमच्या आजोबांचा पक्ष अगदीच गेलेला नाही, एका तालुक्याएवढा उरला आहे.

पाटी आणि गट यांतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो शिर्डीत. राधाकृष्ण विखे पाटील तिथून १९९५ मध्ये काँग्रेसचे म्हणून आले, १९९९ मध्ये शिवसेनेचे, २००४, २००९ आणि २०१४ मध्ये पुन्हा काँग्रेसचे, २०१९ आणि २०२४ मध्ये भाजपचे. नकाशावर या मतदारसंघाचा रंग तीन वेळा बदललेला दिसेल. तिथल्या मतदाराला विचारलं तर तो म्हणेल, "आम्ही कुठं हललो?"

पण यावरून 'सगळे पुढाऱ्यांचेच खेळ' असा निष्कर्ष काढू नका. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो आणि चुकत होतो. कारण या साखळीच्या आत जितकी माणसं होती, त्याहून जास्त बाहेर होती. त्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

साखरेची दुसरी बाजू बीड जिल्ह्यात आहे. दिवाळी आली की कोयता घेऊन नवरा-बायको ट्रक-ट्रॅक्टरमधून ऊसतोडीला पश्चिमेकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. आपण ज्याला साखरपट्ट्याची समृद्धी म्हणतो, ती यांच्या कोयत्यावर उभी. यांना कारखान्याच्या सभेत मत नव्हतं, चेअरमनशी ओळख नव्हती. गोपीनाथ मुंडे त्यांचा आवाज झाले. पक्षाचे संघटक वसंतराव भागवत यांनी भाजपमध्ये माळी, धनगर, वंजारी यांची मोट बांधायला घेतली, त्याला 'माधव' म्हणत. शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून हिणवला जाणारा भाजप तिथून गावात शिरला. गंमत अशी, की मुंड्यांनीही पुढे परळीत कारखानाच काढला. खेळाचे नियम त्यांना पक्के माहीत होते.

मराठवाड्यातल्या शिवसेनेचंही असंच. १९८५ नंतर सेना मुंबई-ठाण्याबाहेर पडली आणि १९८८ मध्ये औरंगाबाद महापालिकेत मुसंडी मारली. त्यामागे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद होता, धार्मिक तणाव होता, हे लपवायचं कारण नाही. पण शाखाप्रमुख झालेली पोरं बघितली तर बहुतेक अशा घरांतली, ज्यांना तालुक्याच्या वाड्यावर कुणी बसा म्हणत नव्हतं. पुढे १९९४ पासून स्थानिक संस्थांत ओबीसींना २७ टक्के जागा राखीव झाल्या. पंचायत समितीचा सभापती माळी, धनगर, वंजारी होऊ लागला. ही पायरी चढलेला माणूस दहा वर्षांनी आमदारकी मागणारच. आणि जुन्या गटात त्या पायरीवर आधीच तिसरी पिढी बसलेली होती.

विदर्भाची गोष्ट मी थोडक्यातच सांगतो, कारण ती साधी आहे. तिथे कारखान्यांचं जाळं कधी फार पसरलंच नाही. काँग्रेसशी नातं होतं ते थेट इंदिरा गांधींशी, पंजाशी. म्हणून १९७७ मध्ये देशभर काँग्रेस झोपली तेव्हाही विदर्भ बहुतांश तिच्याकडे राहिला. मधे अडवणाऱ्या संस्था नसल्या की नातं तुटतंही सरळ. २०१४ मध्ये विदर्भातल्या ६२ पैकी ४४ जागा भाजपने घेतल्या, आणि त्यासाठी त्यांना पश्चिम महाराष्ट्रासारखे सरदार-दरकदार गोळा करावे लागले नाहीत.

आता साखरपट्ट्यातला पीळ कसा सुटला ते. माझ्या मते खरा बदल इथे झाला, आणि मोदींचं नाव गावात पोहोचण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला. १९९८ मध्ये साखर कारखान्यांची परवाना पद्धत गेली. हळूहळू खाजगी कारखाने उभे राहिले, आजारी सहकारी कारखाने विकले गेले किंवा भाड्याने दिले गेले. विकत घेणारे बऱ्याचदा त्याच पुढाऱ्यांचे आप्त. आज गाळप करणाऱ्या कारखान्यांत जवळपास निम्मे खाजगी आहेत. खाजगी कारखान्याला सभासद नसतो, ऊसपुरवठादार असतो. वार्षिक सभा नाही, दिवाळीची साखर नाही, संचालक होण्याची आशा नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने चेअरमन होता तो मालक झाला. मालकाशी माणूस व्यवहार करतो. त्याच्यासाठी उन्हात प्रचार करत नाही.

याच काळात ऊसदराच्या आंदोलनांनी भाव रस्त्यावर ठरायला लावला. राजू शेट्टी २००९ मध्ये हातकणंगल्यातून खासदार झाले ते कारखानदारांच्या नाकावर टिच्चून. चेअरमनशिवायही काही मिळवता येतं, हे ऊसवाल्यानेच शिकून घेतलं. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त केलं, तेव्हा गावातल्या माणसाने त्याचा एकच अर्थ काढला: यांच्यावरही कुणीतरी आहे. शिवाय वाटण्या होऊन पोराच्या नावावर आलेलं रान एकर-दीड एकर. त्यावर तो ऊस लावो न लावो, त्याचं डोकं भरतीत आणि एमपीएससीत. तिथे सोसायटीचा चेअरमन काय देणार त्याला?

म्हणून २०१४ आलं तेव्हा भिंत आतून पोकळ होती. तुमच्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. सांगली लोकसभा १९६२ पासून काँग्रेसकडे होती, अगदी १९७७ मध्येसुद्धा. २०१४ मध्ये भाजपचे संजयकाका पाटील तिथून निवडून आले, आणि ते आले होते राष्ट्रवादीतून. म्हणजे पाटी बदलली, माणूस जुन्याच घराण्या-गटांच्या राजकारणातला. पण पंधरा वर्षांपूर्वी हाच माणूस कमळ घेऊन उभा राहिला असता, तर त्याच्या स्वतःच्या कार्यकर्त्यांनी त्याला खुळ्यात काढलं असतं. २०१४ मध्ये ते काढलं नाही. विचार बदलल्याची खूण मी इथे शोधतो: पुढारी कुठे गेला याकडे बघत नाही, तो तिकडे गेल्यावर घरच्या माणसांना लाज वाटली का, हे बघतो. पुढे २०२४ मध्ये वसंतदादांचे नातू विशाल पाटील तिथूनच अपक्ष म्हणून जिंकले आणि काँग्रेसबरोबर गेले. मला लगेच माझे १९९५ चे पारावरचे आजोबा आठवले.

लाज गेली, तिथे अभिमान आला, हेही मान्य करायला हवं. माझ्या पिढीच्या अभ्यासकांना हे जड जातं. गावातला विशी-पंचविशीतला मुलगा गडकोट मोहिमेला जातो, शिवजयंतीला डीजे लावतो, मोबाइलवर दिवसभर जे बघतो त्यातून स्वतःला हिंदू म्हणून राजकीय अर्थाने ओळखतो. त्याच्या आजोबांनाही देव होता, वारी होती, पण त्यावरून मत द्यायचं असतं हे त्यांच्या मनात आलं नसतं. "हे सगळं वरवरचं, उसाचा भाव पडला की उतरेल" असं मी दहा वर्षं ऐकतो आहे. उतरलेलं नाही. कधी दबतं, एवढंच.

दबतं म्हणजे कसं, ते २०२४ ने दाखवलं. लोकसभेला कांद्याची निर्यातबंदी नाशिककडे भोवली. दिंडोरीत केंद्रीय मंत्री पडल्या. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने मराठवाड्यातल्या आठांपैकी एकच जागा महायुतीकडे राहिली. विदर्भात दहापैकी तीन. राज्यभर मिळून दोन्ही आघाड्यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता. 'ग्रामीण महाराष्ट्र परत फिरला' असे मथळे आले. पाच-साडेपाच महिन्यांनी त्याच मतदारांनी महायुतीला २३० जागा दिल्या, एकट्या भाजपला १३२. आणि मधे सोयाबीनचा भाव काही वधारला नव्हता. ४८९२ रुपये हमीभाव कागदावर आणि बाजार त्याच्या खाली.

मधल्या काळात लाडकी बहीण योजनेतून बाईच्या खात्यावर महिन्याला दीड हजार रुपये जमा होऊ लागले. याला 'मतं विकत घेतली' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पन्नास वर्षं कारखान्याने दिवाळीला साखर वाटली, तेव्हा कुणी हा शब्द वापरला नव्हता. फरक वाटेत आहे. साखर घरातल्या कर्त्या पुरुषाच्या सभासदत्वावर यायची, चेअरमनच्या नावाने. हे पैसे मधल्या कुणाच्याही हातून न जाता आले. एका गावात एक मावशी मला म्हणाल्या, "मालकांचा गट वेगळा हाय, माझं खातं वेगळं हाय." तीस वर्षांत मी असं वाक्य ऐकलं नव्हतं. एका घरात एकच गट, हे गृहीत धरून आम्ही पाहण्या करत आलो; घरटी एका माणसाला विचारलं की काम झालं. आता ते चालत नाही.

बारामतीतही त्या वर्षी असंच काही घडलं. लोकसभेला सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी आल्या, विधानसभेला अजित पवार लाखभर मतांनी. लोकसभेचा मतदारसंघ मोठा, पण बारामती तालुक्यातली गावं तीच, माणसं तीच. दिल्लीसाठी एक गणित, तालुक्यासाठी दुसरं. याला गोंधळ म्हणू नका. इतकं हिशोबाने मत देणारा मतदार मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

तरी दीड हजारांतून पक्ष उभा राहतो असं मला वाटत नाही. कारखान्याला संचालक होते, गटसचिव होता, वजनकाट्यावरचा माणूस होता. त्यातून कार्यकर्ता घडायचा. खात्यात आलेल्या पैशाला कार्यकर्ता नसतो. उद्या दुसऱ्या कुणी जास्त देऊ केले तर? शिवाय बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक बसले. दुसऱ्या फळीचा माणूस तयार होण्याची जी जागा होती, तीच इतका काळ बंद राहिली. सगळी कामं आमदाराच्या दारात गेली. म्हणून आमदार फिरला की तालुका फिरतो, हे आज पूर्वीपेक्षा जास्त खरं झालं आहे. आणि तो तालुका मनाने कितपत फिरला, हे ओळखणं त्याच प्रमाणात अवघड.

ग्रामपंचायतीचे निकाल बघून काही ठरवू नका, एवढी सूचना. ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, आणि निकालाच्या संध्याकाळी सगळे पक्ष मिळून राज्यात आहेत त्याहून जास्त सरपंच निवडून आणतात.

तुमच्या घराचं तुम्हालाच तपासता येईल. गावच्या विकास सोसायटीची मागची निवडणूक आठवा. बूथप्रमुख चुलतभाऊ आणि राष्ट्रवादीचे वडील एकाच पॅनेलमध्ये होते का? असतील, तर तुमच्या घरात अजून फक्त पाटी बदलली आहे. वेगवेगळ्या पॅनेलमध्ये असतील, तर मला कळवा. आणि त्या दिवशी तुमच्या आईने कुणाला मत दिलं, तेही विचारून ठेवा. सांगतील असं नाही.